माझ्या बाजूचा ब्रेक

प्रिय भागूबाई,

काल फोनवर मी तुला "दूध उतू जातंय" असं सांगून घाईघाईनं फोन ठेवला, तो निव्वळ बहाणा होता. दूध फ्रिजमध्ये होतं आणि मी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले होते. तू म्हणालीस, "ताई, मी बॅग भरतेय, मंगळवारच्या आत तुमच्याकडे येते. ती गाडीची परीक्षा राहू दे. तुम्ही शेजारी नसाल तर माझ्याच्यानं व्हायचं नाही." ते ऐकलं आणि मला तो दुधाचा बहाणा सुचला. एक तर तू येतेस म्हटल्यावर मला इतका आनंद झाला की त्या आनंदाचीच धास्ती वाटली. आणि दुसरं म्हणजे तुझं ते शेवटचं वाक्य तू गेल्यापासून माझ्याही तोंडात घोळतंय. तुला निदान ते म्हणायला मी तरी आहे. मी कुणाला म्हणू? डॉक्टरांना? त्या मशीनला? म्हणून हे पत्र. भाऊजी कामासाठी इकडे आलेत, उद्या परत निघतील, त्यांच्या हाती देते. पत्राचा फायदा असा की तुला मध्ये बोलता येत नाही, आणि मला रडू आलं तरी तुझ्या कानावर जात नाही.

लोकांच्या लेखी मी सुटले. इंजेक्शनं झाली, ऑपरेशन झालं, रेडिएशनही झालं. केस परत यायला लागलेत, तेही कुरळे, जे माझे जन्मात कधी नव्हते. जिन्यात भेटेल तो म्हणतो, आता कसं मोकळं मोकळं वाटत असेल नाही? मी हो म्हणते. त्यांचा तरी हिरमोड कशाला करा! शेवटच्या भेटीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज एक गोळी घ्यायची आणि सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. मी विचारलं, आणि मधे? त्या हसून म्हणाल्या, मधे नेहमीसारखं जगायचं. भागूबाई, नेहमीसारखं म्हणजे कसं ग? मला काही केल्या आठवत नाही. गाडीची किल्ली दारामागच्या खुंटीला आहे. गाडी शिकायला येणारे फोन करतात, बाई, तुम्ही कधीपासून येणार? मी म्हणते, पुढच्या आठवड्यापासून. हा पुढचा आठवडा कालपर्यंत काही उजाडला नव्हता.

तुझ्या हातात मी पहिल्यांदा गाडी दिली तेव्हा तू या घरात नुकतीच आली होतीस. धाकट्या जावेला गाडी शिकवायची म्हणून मी केवढ्या हौसेनं निघाले, आणि कारंज्याच्या चौकात वाऱ्यानं उडत आलेली एक कागदी पिशवी बघून तू असा ब्रेक मारलास की मागच्या सायकलवाल्यानं आपल्या सात पिढ्यांचा उद्धार केला. का थांबलीस म्हणून विचारलं तर म्हणालीस, पिशवीला लागलं असतं ना. त्या दिवसापासून तू भित्री भागूबाई, आणि पुढे नुसतीच भागूबाई. गाडी तुला येत नव्हती असं मुळीच नाही. हात हलका, वळणाचा अंदाज पक्का. पण परीक्षेचा दिवस आला की तुझ्या पोटात दुखायचं. मग ते पेट्रोल पंपापुढच्या कुंड्या उडवल्याचं प्रकरण झालं, तू पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही म्हणून कानाला खडा लावलास, आणि मीही तुझा नाद सोडला. आडदांड पैलवानापासून कमी ऐकू येणाऱ्या आजीबाईंपर्यंत सगळ्यांना मी परवाना मिळवून दिला. राहिली ती एकटी माझी जाऊ.

त्यामुळे माझ्या आजारपणात तू दारात उभी राहिलीस तेव्हा स्वयंपाकाला माणूस आलं एवढंच माझ्या मनात आलं. आधीच्या आठवड्यात काय तमाशा झाला होता तो तुला ठाऊक आहेच. पहिल्या इंजेक्शनाला हे माझ्याबरोबर आले. पाणीपुरवठ्याचे ते अजस्र पंप रोज उघडून बसवणारा माणूस, पण सिस्टरनं माझ्या हातात सुई घातली आणि हे भिंतीला पाठ घासत सरळ खाली बसले. शेवटी पलंगावर हे आणि खुर्चीवर मी, अशी आमची वरात झाली. येताना टॅक्सी केली. तिच्यात कसलं तरी गोड अत्तर टांगलं होतं. त्या वासानं मी अर्ध्या वाटेत टॅक्सी थांबवून उतरले, आणि त्यानंतर नुसती टॅक्सी दिसली तरी माझ्या पोटात ढवळायला लागलं. ह्यांना गाडी येत नाही. माझ्याकडून शिकलो तर गाडी येईल पण संसार मोडेल, असं ह्यांचं लग्नापासूनचं मत. माझ्या हाताखालचा मास्तर आधीच दोघांचं काम एकटा ओढत होता. आता जायचं कसं, यावर आम्ही दोघं डोकं धरून बसलो होतो आणि तू चहाचे कप उचलता उचलता म्हणालीस, "मी चालवीन की. शिकाऊ परवाना पुन्हा काढते. तुमचा पाय तेवढा तुमच्या ब्रेकवर राहू द्या म्हणजे झालं."

शिकवायच्या गाडीत मास्तराच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तेवढ्याच भरवशावर तू उभी होतीस. हे ऐकून हे चहा पिता पिता ठसकले. मी मात्र हो म्हटलं. टॅक्सीपेक्षा कुंड्या परवडल्या.

काय आपली ती मिरवणूक असायची! पुढे-मागे लाल अक्षरांची पाटी, डोक्याला रुमाल गुंडाळलेली मास्तरीण, आणि स्टिअरिंगला घोरपडीसारखी चिकटलेली तू. मागून हॉर्न, बाजूनं हॉर्न. हॉस्पिटलच्या फाटकावरचा पहारेकरी तर आपल्याला बघून दोन्ही झडपा उघडून लांब उभा राहायचा. आणि प्रत्येक वळणाला तुझं एकच, "ताई, पाय आहे ना?" मी म्हणायची, आहे. बेकरीच्या चढावर, पाय आहे ना? आहे. शाळा सुटायच्या वेळी, पाय आहे ना? आहे ग बाई, आहे. परत येताना मला थंडी वाजायची म्हणून तू गुडघ्यांवर ती जाडी शाल पसरून द्यायचीस, मी डोळे मिटून पडायची, आणि डोळे मिटूनच म्हणायची, आहे.

तुला वाटायचं मला हॉस्पिटलचा तिटकारा असेल. होता, पण तो फाटकापर्यंतच. आत गेलं की बरं वाटायचं. इंजेक्शनांच्या त्या लांबलचक खोलीत खिडकीजवळची खुर्ची माझी ठरून गेली होती. सिस्टर शीर शोधताना माझ्याशी गिअरबॉक्सबद्दल गप्पा मारायची, कारण तिला जुनी गाडी घ्यायची होती. शेजारच्या खुर्चीवर टोपीवाल्या बाई. त्या बँकेत कॅशियर होत्या आणि दर वेळी नव्या रंगाची विणलेली टोपी घालून यायच्या. त्या सगळ्या बाबतींत माझ्यापुढे एक टप्पा असायच्या. मी पहिल्या, त्या लाल रंगाच्या औषधावर होते तेव्हा त्यांचं दुसरं औषध सुरू झालेलं, माझं दुसरं सुरू झालं तोवर त्यांचं ऑपरेशन ठरलेलं. प्रत्येक वेळी त्या मला पुढची बातमी द्यायच्या. घाबरू नका, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्या म्हणायच्या, खड्डा आहे, पण गाडी जाते. माझ्यासारखीशी दुसरं काय बोलणार म्हणा! दुसऱ्या औषधानं माझी पावलं बधिर व्हायला लागली, बोटांत मुंग्या यायच्या, पायात चप्पल आहे की नाही हे खाली बघून ठरवावं लागायचं. तेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

शेवटचं इंजेक्शन झालं त्या दिवशी सिस्टरनं टाळ्या वाजवल्या, खोलीभर सगळ्यांनी वाजवल्या. मी हसत हसत बाहेर आले आणि गाडीत बसल्यावर मला जे रडू फुटलं ते थांबेना. तुझ्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर काही वाईट बोलले का, असं तू तीन-चारदा विचारलंस. तेव्हा सांगता आलं नाही, आता सांगते. मला त्या खुर्चीतून उठायचं नव्हतं. जोवर त्या नळीतून थेंब थेंब काही आत जात होतं तोवर कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी करत होतं. आता नळी निघाली, ऑपरेशनला अवकाश होता, आणि मधल्या काळात ती गाठ आणि मी, दोघीच घरात. ज्या औषधानं उलट्यांनी माझा जीव नकोसा केला, त्याची मला आठवण येत होती. हे कुणाला सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

ती मधली सुट्टी मला इंजेक्शनांपेक्षा जड गेली. घरातली सगळी कपाटं मी उपसली. चमचे एका डब्यात, सुऱ्या दुसऱ्या डब्यात, आणि तू एक चमचा सुऱ्यांत टाकलास म्हणून मी तुला नाही नाही ते बोलले. तू उलट बोलली असतीस तर मला बरं वाटलं असतं. पण तू तो चमचा उचललास, जागेवर ठेवलास, आणि दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना अगदी साधेपणानं मला विचारलंस की ताई, गिअर बदलताना मधे ते न्यूट्रल येतं ना, तेव्हा मला अजून धस्स होतं, गाडी कुणाच्याच हातात नाही असं वाटतं, तर तेवढ्यापुरतं काय करायचं? मी लगेच मास्तरणीच्या आवाजात सुरू झाले. एका गिअरमधून दुसऱ्यात जायचं तर न्यूट्रलमधूनच जावं लागतं. तेवढ्यात गाडी कुठे पळून जात नाही, आपल्या वेगानं पुढेच जात असते. खाली गिअरकडे बघायचं नाही, समोर बघायचं, हात आपोआप जागा शोधतो. बोलून झालं आणि मी हातातल्या टॉवेलकडे बघत बसले. तू घड्या घालत होतीस. मला अजून कळलेलं नाही, तू तेव्हा मुद्दाम विचारलंस का ग? विचारलं असशील तर तू मला वाटतेस तितकी भोळी नाहीस.

त्यानंतर कपाटं बंद झाली. भीती गेली असं नाही. सकाळी उठलं की ती असायचीच. पण ती मधली आहे, मधल्या जागेची आहे, एवढं ओळखता यायला लागलं, आणि ओळखीच्या माणसाशी जसं आपण दोन शब्द बोलून कामाला लागतो तशी मी कामाला लागायची.

ऑपरेशननंतर पट्टी काढायच्या दिवशीची गोष्ट मी ह्यांनाही सांगितलेली नाही. डावीकडे आता काही नसणार हे मला ठाऊक होतं, सही मीच केली होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि मान खाली घालून बघणं वेगळं. सिस्टर पट्टी सोडवायला आली तेव्हा मी छताकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, भागूबाई, आधी तू बघ. पाल दिसली तर पलंगावर चढून बसणारी तू! मला वाटलं, आता हीसुद्धा ह्यांच्यासारखी भिंत घासत खाली जाते. तू चष्मा लावलास. वाकून अगदी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलंस, आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या तुझ्या दुकानात बोलतेस त्याच आवाजात म्हणालीस, "शिवण सरळ आलीय ताई. कुठे चुणी नाही. आमच्या दुकानात चालली असती." सिस्टर तोंड फिरवून हसायला लागली. मग मी खाली बघितलं. मला रडू आलं, पण तू तोवर त्याची शिवण करून टाकली होतीस, त्यामुळे मला शिवणच दिसली. दुसरं काही बघायच्या आधी ती दिसली, हे फार बरं झालं.

मग तू अगदी इरेलाच पेटलीस. मास्तराच्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, नेमका त्या जागेवरून. तू माझ्यासाठी छोटी उशी शिवलीस, पट्ट्यात अडकवायची, मऊ कापडाची, वर माझ्या नावाऐवजी एक ब्रेक भरलास. भरतकामात ब्रेक कसा दाखवणार, तो चमच्यासारखा दिसतो, हे मी तेव्हा बोलले नाही. हात वर जावा म्हणून भिंतीवर बोटं चालवत न्यायचा व्यायाम होता, तर जिथवर बोटं पोचतील तिथं तू रोज पेन्सिलीनं खूण करायचीस, लहान मुलांची उंची मोजतात तशी. हे आता त्या भिंतीला रंग लावू देत नाहीत.

आणि रेडिएशन. तिथं दुखत काही नाही, हे टोपीवाल्या बाईंनी सांगितलंच होतं. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. अंगावर शाईच्या खुणा करतात, हात डोक्यावर ठेवून आडवं करतात, कपाळापासून पायापर्यंत तुम्हाला नीट मापात बसवतात, आणि मग सगळे खोलीबाहेर जातात. ते जाड दार बंद होतं. आत तुम्ही एकट्या. इतके महिने कुणी ना कुणी शेजारी होतं, सुई असो की सुरी, आणि इथं सगळ्यांनी पाय काढून घेतला. पहिल्या दिवशी माझं धाबं दणाणलं. हलायचं नव्हतं, म्हणून मी मनातल्या मनात गाडी काढली. परीक्षेचा रस्ता, फाटकातून डावीकडे, बेकरीचा चढ, कारंज्याला पूर्ण वळसा, शाळेसमोर वेग कमी, मग पंप, आणि पंपापुढे त्या कुंड्या. कुंड्यांपर्यंत पोचेपर्यंत दार उघडायचं. पुढे रोज मी हेच केलं. आणि एक गंमत सांगू? त्या रस्त्यावर गाडी नेहमी तू चालवायचीस. मी शेजारी बसलेली असायची.

तेही संपलं. ह्यांनी एवढा मोठा फुलांचा गुच्छ आणला की तो ठेवायला घरात भांडं सापडेना, शेवटी बादलीत ठेवला. तू हसत होतीस, हे हसत होते. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडून आले. पुन्हा तेच, टाळ्या आणि रडू. दोनेक दिवसांनी तू तुझ्या घरी गेलीस, जायलाच हवं होतं, भाऊजी किती दिवस हातानं चहा करणार! तेव्हापासून घर शांत आहे आणि माझं मन हे असं. खांदा दुखला की वाटतं, आलं. खोकला आला की वाटतं, आलं. डॉक्टरीणबाईंना मी तोंडावर विचारलं होतं, परत येणार नाही ना? त्या म्हणाल्या, शक्यता कमी आहे, आपण लक्ष ठेवू, पण तसा शब्द मी कुणालाच देऊ शकत नाही. मला त्यांचा रागही आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिला नसता. मी तरी शिकणाऱ्याला कधी सांगते का, की पुढे उभ्या जन्मात तुम्हाला कुणी धडकणार नाही? आणि नेमक्या अशा दिवसांत तू फोन केलास, की मी येते. तुला चटकन ये म्हणावं असं किती मनात आलं होतं म्हणून सांगू! तू असलीस की टप्पा संपलेला नाही असं वाटतं. तू गेलीस म्हणजे तो खरंच संपला.

आता मुद्द्याचं. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे, ती शिकणाऱ्याला शेवटच्या दिवसापर्यंत सांगायची नसते. तुला ती कधीच कळली नाही, कारण तू शेवटच्या दिवसापर्यंत कधी टिकलीच नाहीस. माणसाला गाडी यायला लागली की आम्ही आमच्या बाजूच्या ब्रेकवरून पाय काढून घेतो. त्याला कळू देत नाही. तो बिचारा समजतो, बाईंचा पाय आहे. मग परीक्षेच्या आदल्या दिवशी गाडी कडेला घ्यायला लावायची आणि सांगायचं, हे सगळे दिवस माझा पाय ब्रेकवर नव्हता, तुम्ही एकटेच चालवत होता. त्या वेळी लोकांचे चेहरे बघावेत! पैलवान तर ढसाढसा रडला होता. तुझ्या बाबतीत मात्र मी पाय काढून घेतला नाही. तो आपोआप निघाला. दुसऱ्या औषधाच्या दिवसांतली गोष्ट. आपण घरी आलो, तू माझ्या मांडीवरची शाल उचलायला बाहेरून वळसा घालून येत होतीस, आणि मी खाली बघितलं तर चप्पल एकीकडे पडलेली आणि पाऊल ब्रेकच्या चांगलं वीतभर बाजूला, नुसतं जमिनीवर. मला शपथेवर वाटत होतं की ते ब्रेकवर आहे. बधिर पायाला काय कळणार! त्या दिवशी शाळेजवळ एक पोरगी चेंडूमागे रस्त्यात धावली होती, आठवतं? गाडी जागच्या जागी थांबली होती, आणि तू म्हणाली होतीस, बरं झालं ताई, तुम्ही दाबलात. मी दाबलं नव्हतं. माझा पाय तिथं नव्हताच. ते सगळं तू केलंस. ते कळल्यावर दुसऱ्या कुणा शिकणाऱ्याची गाडी मी तिथंच थांबवली असती. तुझी थांबवली नाही. चेंडूमागच्या त्या पोरीनं तुझी परीक्षा घेऊन झाली होती, आणि मास्तरीण म्हणून मला एवढं कळतं. त्यानंतर मी शालीखाली सरळ मांडी घालून बसायची, पावलं हातात घेऊन चोळत. तू विचारायचीस, पाय आहे ना? मी म्हणायची, आहे. खोटं कुठे होतं? होता की, माझ्या हातात.

हे सांगायलाच पत्र लिहिलं, भागूबाई. आज तुझ्या परीक्षेचा आदला दिवस नाही, पण मंगळवारी मी तिथं नसणार, म्हणून गाडी आज कडेला घ्यायला लावतेय. भरलेली बॅग उघड आणि कपडे कपाटात ठेव. मला सोबत लागेल म्हणून परीक्षा सोडायची नाही, आणि परीक्षा टाळता येईल म्हणून माझ्या सोबतीला यायचं नाही. मलाही तुझ्या नावाखाली घरात बसायचं नाही. आज सकाळी मी खुंटीवरची किल्ली घेतली. एक निवृत्त दंतवैद्य शिकायला येतात, गाडी चालवताना काच खाली करून सगळ्या रस्त्याची माफी मागतात. त्यांना घेऊन कारंज्यापर्यंत जाऊन आले. तुझी उशी लावली होती. पट्टा जरा टोचला, पायाला आता ब्रेक नीट कळतो, आणि बेकरीचा चढ येईपर्यंत मला खांद्याची आठवण झाली नाही. चढ संपल्यावर झाली. म्हणजे चढापुरतं मी नेहमीसारखी जगले बहुतेक. मंगळवारी सकाळी मी पुन्हा त्यांच्याबरोबर असेन, तेव्हा पोट दुखायला लागलं तर मला फोन करू नकोस, परीक्षा देऊन झाल्यावर कर. आणि सहा महिन्यांनी मला दाखवायला जायचंय तेव्हा जरूर ये, पण पाटी काढून ये, स्वतःच्या परवान्यावर. मला त्या दिवशी भीती वाटणार आहे, फाटकापासूनच वाटेल, आणि मी ती तुझ्यापासून लपवणार नाही. शाल आणू नकोस. मी तुझ्या शेजारी तुझ्या डोळ्यांदेखत मांडी घालून बसणार आहे.

तुझीच,
सीटवर दोन्ही पाय वर घेतलेली,
मास्तरीणबाई